न रंगवलेलं पाणी

अंबुजाक्का गेली त्या सकाळी मी साताऱ्याला आईच्या खाटेशी बसून तिला पेज भरवत होते. आईचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे उठून चेन्नईला निघणं शक्यच नव्हतं. फोन अंबुजाक्काच्या थोरल्या भावाचा होता. त्यांचं नाव सेतुराव, पण सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. "शुभदाबाई, अंबुजा गेली. झोंपेंतच गेली," एवढं बोलून ते एकदम कामाचं विचारू लागले... तिच्या फ्लॅटची जादा किल्ली मी कुठे ठेवलीय, दूधवाल्याला कोण सांगणार. मी उत्तरं दिली. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण गेली," आणि जी रडायला लागले ती, पेज गार होतेय असं आई दोनदा म्हणाली तरी थांबले नाही. आता त्याला काही आठवडे झाले. रडणं संपलं. राग मात्र संपलेला नाही आणि मी हे त्या रागातच लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ते वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

अंबुजाक्का तंजावरकडची मराठी. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या देवांची चित्रं करतात. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर कापड, कापडावर खडूच्या लगद्यानं उठवलेले दागिने, त्यावर सोन्याचा वर्ख आणि खडे. चेन्नईत टी. नगरला साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर अण्णांचं घर आणि कामाची जागा आहे. लग्नात द्यायला गुटगुटीत बाळकृष्ण हवा असला की लोक तो जिना चढतात. अंबुजाक्का लहानपणापासून तिथे वर्ख लावायला बसायची. वर्ख लावताना ही पोर श्वाससुद्धा घेत नाही, असं तिचे वडील कौतुकानं सांगायचे म्हणे. त्या घरात दोन नियम फार कडक होते. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, हा एक. आणि चित्र अर्धं टाकून माणूस गेला, तर तेराव्याच्या आत घरातल्याच कुणीतरी ते पुरं करायचं, हा दुसरा. अपुरं चित्र घरात राहिलं तर गेलेल्याचा जीव त्यात अडकून पडतो, असं ते मानतात. वडिलांचा अर्धवट राहिलेला राम अण्णांनीच पुरा केला होता. अंबुजाक्कानं हे मला हसत हसत सांगितलं होतं आणि मीही हसत हसत ऐकलं होतं.

ती हट्टानं कला महाविद्यालयात गेली आणि परत आली ती वर्खाला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवूनच. लग्न केलं नाही. शाळेत चित्रकला शिकवली, चेन्नईतच पेरुंगुडीला फ्लॅट घेतला. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीवर आम्ही इकडे आलो तेव्हा तिच्या समोरचा फ्लॅट आम्हाला मिळाला. सामान चढवताना मी हमालांशी हातवारे करत मराठीतच ओरडत होते. समोरचं दार उघडलं, हाताला रंग लागलेली एक काळीसावळी, उंच बाई बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही मराठी ना? मग भांडूलाल्यात कां?" परमुलखात मराठी ऐकून मला भरून आलं, आणि त्या मराठीत काय विचारलंय ते कळल्यावर हसू आलं. भांडत नव्हते, आमच्याकडे असंच बोलतात, हे तिला पटायला बरीच वर्षं गेली. माझ्या मराठीला ती 'पेपरातली' म्हणायची. मी काही सांगायला लागले की मधेच हात वर करून म्हणायची, "बातम्या नको गं वाचूं. बोल."

आमच्या इमारतीच्या मागे पाणथळ आहे. म्हणजे मोठी होती, आता थोडकीच उरलीय. लव्हाळी, पाणी, हिवाळ्यात पक्षी. पलीकडे शहराचा कचरा जिथे टाकतात ते डोंगर, अधूनमधून धुमसणारे. आणि त्याही पलीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती. अंबुजाक्का वर्षानुवर्षं एवढंच रंगवत आली. तिनं मला पहिल्यांदा चित्र दाखवलं तेव्हा मी चक्क घाबरले. आकाश हिंगुळासारखं लाल, पाणी गडद जांभळं, लव्हाळी म्हणजे नुसते काळे फटकारे आणि ते सगळे एकाच बाजूला कललेले. एकही इमारत सरळ उभी नव्हती. मी म्हटलं, "अक्का, पाणी असं कुठंय? मी रोज बघते. करडं हिरवट आहे." तिला राग आला नाही. म्हणाली, "तूं डोळ्यांनी पाहतेस. मज तें पाहून पोटांत जसें होतें, तसें मी काढतें."

तिच्यासारख्यांच्या चित्रांना इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे, एक्स्प्रेशनिस्ट. ते नाव तिला तिच्या प्राध्यापकांनी चिकटवलं होतं आणि ती ते कधी वापरायची नाही. पण मला तिनं बघायला शिकवलं. जांभळ्याच्या शेजारी ठेवला की पिवळा कसा किंचाळतो ते दाखवलं. कचऱ्याचे डोंगर ती सुरीनं रंग थापून करायची, इतका जाड की त्याची खरीखुरी सावली खाली पाण्यावर पडायची. रस्ता लांब जाताना निमुळता व्हायला हवा, हे शाळेत तीच मुलांना शिकवायची, आणि तिच्या चित्रातला रस्ता लांब जाताना आणखी रुंद व्हायचा, कारण तो पाणथळ गिळत चालला होता. क्षितिज ती दर वर्षी थोडं वर सरकवायची. आधी अर्धं चित्र आकाश असायचं. शेवटी शेवटी आकाशाची नुसती एक लाल पट्टी उरली होती, आणि ती बघताना मला खरंच खिडकी उघडावीशी वाटायची.

या सगळ्याचं कौतुक कुणी केलं? कुणी नाही. तिचं एकदा प्रदर्शन भरलं तेव्हा एका कंपनीच्या बाई आल्या. स्वागतकक्षात लावायला त्यांना मोठं चित्र हवं होतं. बराच वेळ मान तिरकी करून बघून झाल्यावर म्हणाल्या, "आमचे सोफे निळे आहेत. हेच जरा निळ्यात मिळेल का?" अंबुजाक्का म्हणाली, "सोफे बदला." त्यावर आम्ही दोघी रिक्षात खूप हसलो, पण घरी आल्यावर तिनं जेवायला नाही म्हटलं आणि पुढे प्रदर्शनाचं नाव काढलं नाही. घरच्यांचं तर बोलायलाच नको. "हात सोन्याचा आणि काढते कचरा," असं अण्णा चारचौघांत म्हणायचे. मात्र दर शुक्रवारी टी. नगरहून बसनं धक्के खात हाच माणूस बहिणीसाठी डब्यात वडे आणि आंबटगोड पच्चडी घेऊन यायचा. हॉलमध्ये बसायचा, कॉफी प्यायचा, तिच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा आणि निघायचा. ती रंगवायची त्या खोलीत मात्र एकदाही गेला नाही. दार उघडं असलं तरी नाही. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितेय.

शेवटचं चित्र तिनं मी साताऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी संपवलं. निरोप घ्यायला गेले तर ती मोरीत ब्रश धूत होती, साबण लावून, तळहातावर घासून. चित्र चालू असेपर्यंत तिचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभे असायचे. साबण लागायचा तो चित्र संपल्यावरच. ही शिस्त तिनं अण्णांच्या घरूनच आणली होती. "झालें गं," ती म्हणाली, आणि मला आत नेलं. मी आयुष्यात काही फार चित्रं पाहिलेली नाहीत. पण ते चित्र मी दोनदा जवळ जाऊन आणि दोनदा मागे सरून पाहिलं. कडेकडेनं सगळं होतं आणि पेटलेलं होतं. नारिंगी रस्ता, काळेनिळे कचऱ्याचे डोंगर, त्यांच्यावर हिरव्या ज्वाळा, इमारती आत झुकून खाली बघणाऱ्या, वर ती लाल पट्टी. प्रत्येक फटकारा मधे धावत होता. आणि मधे, जिथे पाणी असायला हवं, तिथे काहीच नव्हतं. कोरं कापड. रंगाचा एक ठिपका नाही. सगळा गोंगाट त्या कडेशी येऊन थांबत होता.

"पाणी?" मी विचारलं.

"अस्कें रंगवलें. पाणी नाहीं रंगवणार," ती म्हणाली. 'अस्कें' म्हणजे सगळं. "इतकीं वर्षें रंगवून रंगवून मीच तें भरत आलें, शुभदा. ते लोक मातीनें भरतात, मी रंगानें. आतां एवढें तरी मोकळें राहूं दे."

मग तिनं फिल्टर कॉफी केली, आईसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, आणि लवकर ये म्हणाली. तीच शेवटची भेट.

भावजय आल्यावर आईला तिच्या हवाली करून मी परतले ती नेमकी तेराव्याच्या दिवशी. स्टेशनवरून बॅगेसकट थेट टी. नगरला गेले. जिन्यात चपलांचा ढीग, आत जेवणाची पानं मांडलेली, पायसमचा वास. आणि हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर तिचं चित्र, फ्रेम करून, झेंडूची माळ घालून. माझं लक्ष आधी माळेकडे गेलं. मग मधे. मधे पाणी होतं. सुंदर, निळंहिरवं, निवळशंख पाणी, बारीक लाटा, लाटांवर सकाळचं ऊन, आणि गुलाबी कमळं. प्रत्येक पाकळी केसाएवढ्या ब्रशनं काढलेली. काठाच्या ज्वाळांचं प्रतिबिंबसुद्धा त्यात इतकं मऊ पाडलं होतं की ती आग नसून दिवाळी वाटावी. माझ्या शेजारी उभी असलेली कुणी चुलतवहिनी म्हणाली, "आतां कसें चित्र दिसतें! आधीं पाहवत नव्हतें. अण्णांनी पुरें केलें, उपास करून." बॅग तिथेच टाकून मी अण्णांना शोधायला गेले.

अण्णांना मी मागच्या बाल्कनीत घेऊन गेले. म्हटलं, "अण्णा, ते चित्र पुरं होतं."

"कसें पुरें, शुभदाबाई? मध्यें एवढी जागा कोरी. डोळे न उघडलेल्या देवासारखें. तसेंच ठेवलें तर तिची सुटका कशी व्हायची?"

"तिनं माझ्यासमोर ब्रश धुतले होते. साबणानं."

ते ज्या घरात वाढले त्या घरात याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. त्यांचा चेहरा उतरला. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मज कोणी सांगितलें नाहीं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्या खोलीत तुम्ही कधी आलाच नाहीत, अण्णा."

"तिच्या नांवाचीं कमळें काढलीं मी," ते म्हणाले. "वर्खाचा कण लावला नाहीं. तिला आवडायचा नाहीं म्हणून."

हेच मला सहन झालं नाही. दुष्टपणानं केलं असतं तर भांडता आलं असतं. या माणसानं उपाशी राहून, पाठ मोडेपर्यंत बसून, जन्मात पहिल्यांदा सोनं बाजूला ठेवून बहिणीसाठी चित्र काढलं होतं, आणि तिनं आयुष्यभर झगडून जी एकच गोष्ट शेवटी साधली होती ती नेमकी पुसून टाकली होती. मी म्हटलं, "वर्ख लावला असतात तर बरं झालं असतं. खरवडून तरी काढता आला असता." आणि न जेवता खाली उतरले. तेराव्याच्या पानावरून उठून जाणं वाईट दिसतं, हे मला कळतं. दिसू दे.

त्यानंतर घरोघरी तेच. इमारतीतले लोक टी. नगरला जाऊन चित्र बघून आले आणि मला सांगायला लागले की शेवटी शेवटी अंबुजाक्काच्या चित्रात किती शांती आली होती. एकानं त्याचा फोटो इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. त्याखाली हात जोडल्याची चिन्हं, आणि कमळं. मी एकदा लिहिलं की ते पाणी तिचं नाही. त्यावरही कुणीतरी हात जोडले. तिनं काय सोडलं होतं हे पाहिलेली या जगात मी एकटी, आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. हा विचार मला कॉफी पिता पिता यायचा आणि कॉफी कडू व्हायची.

मग अण्णांचा फोन आला. फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता, रंगारी येणार होता, दार उघडून द्याल का म्हणाले. तेराव्यानंतर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. मी किल्ली घेऊन गेले. तिची रंगवायची खोली अण्णांकडच्या पोरांनी रिकामी केली होती; शेवटचं चित्रही तेच काढून घेऊन गेले होते. आणि समोरच्या भिंतीवर... ती कापड आधी भिंतीलाच खिळे मारून ताणायची, फ्रेमवर नंतर चढवायची, हे मला माहीत होतं. पण त्या भिंतीवर नेहमी एखादं चित्र असायचंच, त्यामुळे मागची भिंत मी कधी पाहिली नव्हती. इतक्या वर्षांत कापडाच्या कडेबाहेर गेलेला प्रत्येक फटकारा तिथे होता. लाल, जांभळे, नारिंगी, काळे ओरखडे, एकावर एक, वीतभर रुंदीची चौकट झालेली. आणि मधे, जिथे कापड असायचं, तिथे स्वच्छ कोरी भिंत. मी खाली बसले. मग अण्णांना फोन केला, "रंगाऱ्याला थांबवते. तुम्ही आधी इथे या."

ते दुपारच्या उन्हात आले. हॉलमध्ये सवयीनं खुर्चीकडे वळले. मी म्हटलं, "तिथं नाही. आत." उंबऱ्याशी ते क्षणभर अडखळले आणि मग आले. भिंतीसमोर उभे राहिले. अर्धा तास तरी उभे असतील. एकदा पुढे होऊन त्यांनी एका जांभळ्या ओरखड्यावरून, वर्ख दाबतात तसं, अलगद बोट फिरवलं. मधल्या कोऱ्या जागेपाशी बोट थांबलं आणि त्यांनी हात मागे घेतला. "मग मी काय केलें, शुभदाबाई?" त्यांनी विचारलं. त्यांची समजूत घालावी असं मला वाटलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही भरलंत, अण्णा." त्यांनी मान हलवली. रंगाऱ्याला तमिळमध्ये बजावून सांगितलं, सगळं घर रंगव, या भिंतीला हात लावायचा नाही. भाडेकरूंनाही तीच अट घातली.

भाडेकरू चांगले आहेत. सिरुसेरीला नोकरी करणारं तरुण जोडपं, मुलगी कोईमतूरची. त्यांना ती भिंत फार आवडली. गेल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं, अण्णांनाही. तीच खोली त्यांनी बसायची केलीय. भिंत जशीच्या तशी, अट तंतोतंत पाळलेली. आणि त्या रंगीत चौकटीच्या मधे, कोऱ्या जागेत, मोठा टीव्ही. जसा काही मापानंच घेतलाय. "छान बसला ना, आंटी?" ती मुलगी आनंदानं म्हणाली. त्यावर कसलासा गाण्याचा कार्यक्रम चालू होता. तिचा काय दोष? भिंत रंगवू नका, एवढंच तिला सांगितलं होतं. रिकामी ठेवा असं कोण कुणाला सांगतं?

अण्णा सोफ्यावर बसले. कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला. "जरा बंद करशील का, मा?" ते तिला तमिळमध्ये म्हणाले. तिनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि घाबरून विचारलं, "आवाज मोठा होता का, ताता?" ताता म्हणजे आजोबा. ते नाही म्हणाले. बंद टीव्हीकडे बघत तो म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. ती माझ्याकडे बघू लागली, नवऱ्याकडे बघू लागली. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "काय बघताय?"

"कांहीं नाहीं," अण्णा मराठीतच म्हणाले. "मोकळें आहे, तें पाहूलालों."

मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण कॉफी गार होईपर्यंत मीही त्यांच्या शेजारी तिकडेच बघत बसले होते.